न हलवलेली गिटार

फजलभाईंच्या दुकानातल्या त्या हिरव्या गिटारवर किमतीची सात लेबलं होती. एकावर एक. प्रत्येक नवं लेबल जुन्याच्या तोंडावर बसलेलं. कैवल्य दर गुरुवारी ऑफिस सुटलं की तिथे जायचा आणि नखानं कडा उचकटून खालची लेबलं वाचायचा. मार्चमधलं सहा हजार दोनशे रियाल, जूनमधलं सहा हजार नऊशे, ऑगस्टमधलं साडेसात. लोकांना इतिहास बघायला म्युझियममध्ये जावं लागतं, कैवल्यला तो गिटारच्या कमरेला चिकटलेला मिळत होता.

"फजलभाई, ही वाढते कशी? नुसती लटकलेली तर असते."

"म्हणूनच वाढते, मेल्या. वाजली असती तर जुनी झाली असती."

फजलभाई मूळचे रत्नागिरीकडचे, खेडचे. तीस वर्षं दोह्यात. दिवसा वाद्यांचं दुकान सांभाळायचे आणि शुक्रवारी हौसेच्या बँडमध्ये ड्रम बडवायचे. महागाईबद्दल त्यांचा स्वतःचा एक सिद्धांत होता.

"लाकूड महाग, जहाज महाग. जहाज मिळालं तरी त्यात खुर्च्या. अख्ख्या जगातली जहाजं खुर्च्या भरून इकडे येतायत. आता तूच सांग, लोकांनी उभं राहून वर्ल्ड कप बघितला असता तर तुझी गिटार स्वस्त झाली असती की नाही?"

कैवल्यनं विषय बदलला, कारण तो स्टेडियमच्या जिन्यांना कठडे बसवणाऱ्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होता. कठड्याचा प्रत्येक कागद त्याच्या हाताखालून जायचा. कराराची मुदत एकतीस डिसेंबर. वर्ल्ड कपनंतर कठडे तिथेच राहणार होते, कैवल्यचं नक्की नव्हतं.

किमतीला तोंड द्यायचे सगळे उपाय त्यानं करून पाहिले. कडक चहा बंद केला. केस बायकोकडून, नुपूरकडून, कापून घेतले. त्यामुळे चहाचा खर्च वाचला आणि लोकांना भेटण्याचाही. फजलभाईंना सांगून गिटार मागच्या भिंतीवर हलवली, म्हणजे किमतीला ती दिसणार नाही. किमतीला ती दिसली.

मग सप्टेंबरच्या शेवटी फजलभाई म्हणाले, "अठरा नोव्हेंबरला, शुक्रवारी, उम्म सलाल मोहम्मदच्या मैदानावर आपल्या लोकांचा कार्यक्रम आहे. वर्ल्ड कपच्या आधीचा. चार गाणी. गिटारवाला सोडून गेला. तू येतोस?"

कैवल्य एकोणतीस वर्षांचा होता आणि लोकांसमोर त्यानं एकदाही वाजवलं नव्हतं. नाशिकला कॉलेजात एकदा संधी आली होती. स्टेजच्या तिसऱ्या पायरीवर असताना ज्याची गिटार उसनी आणली होती तो आला आणि घेऊन गेला. कैवल्यनं ती अख्खी संध्याकाळ स्टेजवर उभं राहून टाळ्या वाजवत काढली होती. आता घरी एक जुनी गिटार होती, पण तिच्या तारा अशा खरखरायच्या की शेजारी मिक्सर दुरुस्त करून घ्या म्हणून सांगायला यायचे.

डिसेंबरनंतर आपण कुठे असू हे माहीत नसलेल्या माणसानं जे करावं तेच त्यानं केलं. आठव्या लेबलाला, आठ हजार शंभर रियालना, गिटार घेतली.

त्या वेळी आई आलेली होती. सरोजताई, मुक्काम पोस्ट नाशिक, दोन महिन्यांच्या व्हिसावर अल मुंतझातल्या कैवल्य-नुपूरच्या वन-बेडरूम फ्लॅटमध्ये. गिटारची किंमत ऐकून आईनं बोटांवर तिचे रुपये मोजले. मग म्हणाली, "मंगळवारी खंडेनवमी आहे. एवढ्या पैशांची वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही."

खंडेनवमीला आईनं हॉलमध्ये चौरंग नाही म्हणून शू-रॅक आडवा घातला, वर तिची हिरवी साडी अंथरली आणि घरातली हत्यारं मांडली. मध्ये गिटार. डाव्या हाताला घरातली एकुलती एक सुरी. उजव्या हाताला भाडेकराराची फाइल.

"फाइल कशाला?" नुपूरनं विचारलं.

"हा कागद सांभाळतो ना ऑफिसात? मग कागद हे त्याचं हत्यार. सैनिक तलवार ठेवतो, हा फाइल." आईनं कैवल्यकडे वळून पाहिलं. "आणि डावा हात इकडे आण. ठेव गिटारशेजारी."

"हात?"

"हात नसेल तर ते लाकूड काय करणार आहे? ठेव म्हटलं ना."

आईनं त्याच्या चार बोटांवर हळद लावली, कुंकवाचे चार ठिपके लावले, वर अक्षता टाकल्या आणि झेंडूचं एक फूल मधल्या बोटावर ठेवलं. फुलाचे नऊ रियाल पडले होते. कैवल्यनं दहा मिनिटं हात तसाच ठेवला. मग त्याला शिंक आली आणि त्यानं हात उचलला.

"हललास तू," आई म्हणाली. "मी हलवलेला नाही. असू दे. उद्या दसऱ्याला सगळं एकदम हलवीन. तोपर्यंत यातलं काही वापरायचं नाही."

रीत साधी होती. ज्यानं पूजा मांडली त्यानं दुसऱ्या दिवशी अक्षता टाकायच्या आणि प्रत्येक हत्यार जागच्या जागी जरासं हलवायचं. हललं की मोकळं. मग वापरा.

पण आईचं दसऱ्याचं संध्याकाळचं विमान कंपनीनं सकाळवर आणलं. गर्दी वाढली म्हणून. धावपळीत आईनं लोणच्याची बरणी घेतली, जावई नसतानाही जावयासाठी घेतलेली अत्तराची बाटली घेतली, नुपूरला मिठी मारली आणि गेली. हलवायचं राहिलं.

त्या दिवशी ऑफिसातून आल्यावर कैवल्य गिटारकडे हात नेत होता तेवढ्यात नाशिकहून फोन आला.

"कैवल्या, मी पोचले. हात लावू नकोस."

"मग मीच हलवतो ना, आई."

"मांडलं मी. हलवायचं मी. दुसऱ्यानं हलवलं तर हत्यार उलटतं."

"गिटार कशी उलटेल?"

"मला काय माहीत? आमच्याकडे नांगर होता," आई म्हणाली, आणि त्या नांगराचं काय झालं ते तिनं सांगितलं नाही. तिच्या मोठ्या काकांना एक पाय होता एवढंच कैवल्यला माहीत होतं. तो जन्मापासून एकच असेल असं त्याला आजवर वाटत आलं होतं.

त्यानं हात मागे घेतला. बोटांवरचे चार ठिपके अजून लाल होते. त्यानं साबणानं धुतले, मग लिंबानं, मग भांडी घासायच्या लिक्विडनं. ठिपके ताजे राहिले.

घराची नवी व्यवस्था लागली. सुरी पूजेत असल्यामुळे नुपूर कांदा बुक्कीनं फोडू लागली. फ्लॉवर हातानं मोडू लागली. दुधी आणणंच बंद झालं. नवी सुरी आणू या म्हटल्यावर ती म्हणाली, "घरात दोन सुऱ्या झाल्या तर आईंना वाटेल मी वाट बघितली नाही." कैवल्य रोज संध्याकाळी शू-रॅकसमोर मांडी घालून बसायचा आणि इस्त्रीच्या टेबलावर बोटं फिरवून चार गाण्यांचा सराव करायचा. इस्त्रीचं टेबल सुरात नव्हतं, पण वेळेला उभं राहायचं.

तेरा ऑक्टोबरला तो दुकानात गेला. तशीच एक गिटार भिंतीवर होती आणि तिच्यावर लेबल होतं नऊ हजार सहाशेचं.

"नशीबवान आहेस मेल्या," फजलभाई म्हणाले. "दोन आठवड्यांत पंधराशे कमावलेस. न वाजवता."

पुढच्या गुरुवारी अकरा हजार दोनशे. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेरा. कैवल्यला आधी गंमत वाटली, मग अभिमान, मग हात लावायची भीती. एक ओरखडा म्हणजे हजार रियाल. त्यानं हॉलमधला पंखा बंद केला. नुपूरनं तिथे पोळ्या लाटणं बंद केलं. ते दोघं गिटारजवळून जाताना श्वास रोखायचे आणि बेडरूममध्ये जाऊन सोडायचे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बिल्डिंगच्या एजंटचा मेल आला. जानेवारीपासून भाडं साडेचार हजारांऐवजी सहा हजार आठशे. मान्य नसेल तर घर सोडा, वर्ल्ड कपसाठी माणसं रांगेत उभी आहेत. तीन दिवसांनी दुसरा मेल आला. आठ हजार दोनशे.

"असं कसं?" नुपूर म्हणाली. "करारात लिहिलंय, दोन वर्षं वाढवणार नाही. तिसऱ्या पानावर. मी स्वतः वाचलंय."

"मग दाखवू त्याला."

"दाखव."

दोघांनी फाइलकडे पाहिलं. फाइल शू-रॅकवर होती, झेंडूच्या सुकलेल्या फुलाखाली, आणि तिच्यावर हळदीकुंकू होतं.

 मग नुपूर हळूच म्हणाली, "कैवल्य, तिथे जे जे ठेवलंय ना, ते सगळं वाढतंय."

"सुरी कुठे वाढलीये?"

नुपूरनं बोट दाखवलं. सुरी पूजेच्या दिवशी गिटारच्या खुंट्यांपर्यंत येत होती, हे दोघांनाही आठवत होतं. आता ती साडीच्या काठापलीकडे गेली होती, आणि तिचं टोक बेडरूमच्या दाराकडे होतं.

कैवल्यनं आपला डावा हात खिशात घातला. तो नीट मावला नाही.

आईला परत बोलवायचं तर एक नोव्हेंबरपासून भेटीचे व्हिसा बंद. तेवीस डिसेंबरपर्यंत ज्याच्याकडे मॅचचं तिकीट तोच देशात.

"मॅचचं तिकीट काढतो तुझं," कैवल्यनं फोनवर सांगितलं. "ये, हलव आणि जा."

"कुणाची मॅच?"

"मिळेल त्याची. त्याशिवाय सोडत नाहीत."

"मी नव्वद मिनिटं तिथे बसू? अनोळखी माणसांत? आणि कुणी विचारलं काय हो आजी, कुणाकडून, तर काय सांगू?"

तिकीटही नव्हतंच. बघता बघता त्याचीही किंमत गिटारएवढी झाली होती.

दहा नोव्हेंबरला फजलभाईंचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "कैवल्य, एक गिऱ्हाईक आलंय. भिंतीवरची नको म्हणतो. तुझीच पाहिजे म्हणतो. साडेसतरा हजार देतो."

"माझी त्याला कशी माहीत?"

"ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. त्यानं दुकानात पाऊल टाकलं तेव्हा सगळ्या गिटारच्या तारा आपोआप सैल झाल्या. मला सुरात लावायला दोन दिवस गेले."

नुपूरनं हिशेब मांडला नाही, फक्त भिंतीकडे बघून म्हणाली, "एवढ्या पैशांत नवीन घराचं डिपॉझिट होईल."

कैवल्यला ते कळत होतं. त्यानं फजलभाईंना सांगितलं, "शनिवारी देतो. एकोणीस तारखेला. शुक्रवारी मी तिच्यावर चार गाणी वाजवणार. एकदाच. मग घेऊन जा म्हणावं."

"वाजवलीस तर जुनी होईल."

"होऊ दे."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग फजलभाई म्हणाले, "चालेल म्हणतोय. वाजव म्हणतोय. हसतोय."

शुक्रवार उजाडला. दुपारी तीनला व्हॅन येणार होती आणि गिटार अजून पूजेतच होती. कैवल्य पांढरा शर्ट घालून शू-रॅकसमोर उभा होता. तिसऱ्या पायरीवर उभा राहिला होता तसाच. युक्ती नुपूरला सुचली. शाळेच्या ऑफिसातल्या नोकरीत ती दिवसभर पालकांच्या सह्या फोनवर मिळवायची, त्यामुळे समोर नसलेल्या माणसाकडून काम करून घ्यायची तिला सवय होती.

तिनं आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, तुम्ही फोनमध्ये आहात ना?"

"आहे की. दिसत नाहीये का?"

"दिसताय. आता नीट ऐका. मी फोन गिटारला टेकवते आणि ढकलते. फोनमध्ये तुम्ही आहात. म्हणजे तुम्हीच हलवली."

आईनं विचार केला. मागे नाशिकच्या स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. "आणि हात?"

"माझा हात फोनला लागेल, गिटारला नाही. तुमच्या आणि गिटारच्या मध्ये फक्त काच."

"काचेतून सूर्यग्रहण बघितलेलं चालतं," आई स्वतःशीच म्हणाली. "बघ बाई. मी इकडून अक्षता टाकते."

आईनं नाशिकमध्ये स्वतःच्या फोनवर अक्षता टाकल्या. नुपूरनं दोह्यात फोन गिटारच्या कडेला टेकवला आणि हळूच ढकलला. गिटार दोन बोटं सरकली. खालून इतका लांब सुस्कारा आला की दोघांनी आधी एकमेकांकडे आणि मग एसीकडे पाहिलं. एसी बंद होता. नुपूरनं फाइल ढकलली. सुरी ढकलली. सुरी सरकताना आखडत गेली आणि होती तेवढी झाली.

"झालं!" नुपूरनं दोह्याच्या सवयीनं आभार मानले. "शुक्रन, आई."

"काय म्हणालीस?"

पण खाली व्हॅनचा हॉर्न वाजत होता. कैवल्यनं गिटार केसमध्ये घातली आणि जिन्यावरून उतरताना आयुष्यात पहिल्यांदा कठडा धरला नाही.

उम्म सलाल मोहम्मदच्या मैदानावर दीड-दोनशे माणसं होती. मुलांच्या गालांवर देशोदेशीचे झेंडे, बायकांच्या हातात समोसे, स्टेजला तीन पायऱ्या. कैवल्य तिन्ही चढला. कुणी आडवं आलं नाही. फजलभाई ड्रमच्या मागून म्हणाले, "यल्ला, चल, घाबरू नकोस. तुला कोण ओळखतं इथे?"

पहिल्या रांगेत मध्यावर एक माणूस बसला होता. करडा कोट, मांडीवर रिकामी गिटारची केस, उघडी. आतलं मखमली अस्तर हिरव्या गिटारच्या मापाचं होतं, आणि वरच्या बाजूला, गळ्याजवळ, जरा जास्तच जागा सोडलेली होती.

फजलभाईंनी काड्यांनी चार मोजले. कैवल्यनं डाव्या हाताची चार बोटं तारांवर दाबली आणि उजव्यानं छेडलं.

असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. समोसे तोंडाशी थांबले. गालांवर झेंडे असलेली मुलं वळली. कैवल्यला वाटलं, बारा वर्षांपूर्वी अडकलेली तिसरी पायरी आत्ता चढून झाली. डोळ्यांत पाणी आलं. त्यानं दुसऱ्या सुरासाठी बोटं उचलली.

बोटं उचलली गेली नाहीत.

त्यानं खाली पाहिलं. चार बोटं, चार ठिपके, लालभडक. तारा बोटांत रुतलेल्या नव्हत्या. बोटं तिथे मांडलेली होती.

तो उजव्या हातानं छेडत राहिला. एकच सूर. पहिलं गाणं त्याच सुरावर झालं, दुसरंही. गाणारा बिचारा सुरामागून फिरत होता, हरवलेल्या मुलासारखा. लोकांना मात्र आवडलं. कुणीतरी म्हणालं, हा नवीन प्रकार दिसतोय. चौथ्या गाण्याला लोक उभे राहिले. कोटवाला बसून होता.

टाळ्या थांबल्यावर नुपूर स्टेजमागे धावत आली. तिच्या हातात फोन होता. आईचे अकरा मिस्ड कॉल आणि एक मेसेज: हात राहिला.

"मघाशी त्या तेच विचारत होत्या," नुपूर म्हणाली. तिचा रंग उतरला होता. "मला वाटलं माझ्या हाताबद्दल."

तिनं फोन लावला, आईचा चेहरा कैवल्यच्या बोटांवर टेकवला आणि ढकललं. मग जोरात ढकललं. मग फजलभाईंनी ढकललं.

"लाकडाला कळलं नाही," आईचा आवाज काचेआडून आला. "हाताला कळतं मी तिथे नाही ते. तेवीस डिसेंबरला येते, पहिल्या विमानानं. तोवर जप रे. पाणी लागू देऊ नकोस."

"उद्या शनिवार आहे, आई," कैवल्य म्हणाला.

"मग?"

कैवल्यनं समोर बघितलं. करड्या कोटातला माणूस पायऱ्या चढून वर आला होता. त्यानं गिटारकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि फजलभाईंच्या कानात काहीतरी बोलला. फजलभाईंनी घाम पुसला.

"काय म्हणतायत?" नुपूरनं विचारलं.

"म्हणतायत, अडचण नाही. हातासकट घेतो." फजलभाईंनी कैवल्यकडे बघायचं टाळलं. "हातामागचं बाकी काही नको म्हणतायत. पण सुटत नसेल तर तेही ठेवतील. घर मोठं आहे."

"फजलभाई, तुम्ही सांगा ना त्यांना, हे विकायचं नाहीये," कैवल्य म्हणाला.

"सांगितलं रे बाबा. शब्द तू दिला होतास. एकोणीस तारीख."

माणसानं घड्याळात बारा वाजायला किती अवकाश आहे ते पाहिलं आणि पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसला, केस मांडीवर उघडी ठेवून. मैदान रिकामं होत होतं. माणसं खुर्च्या एकात एक घालत होती. त्याच्या खुर्चीपाशी आली की वळसा घेऊन पुढे जायची.

फजलभाईंनी खिशातून लेबलं चिकटवायचं यंत्र काढलं. ते त्यांच्या खिशात नेहमीच असायचं. त्यांनी जुन्या लेबलांवर एक नवं लावून पाहिलं. गिटारवर ते धरेना, गळून पडलं. दुसऱ्यांदाही पडलं.

मग त्यांनी हळूच, माफी मागितल्यासारखं, ते कैवल्यच्या मनगटावर टेकवलं.

तिथे ते पहिल्या दाबालाच बसलं. बावीस हजार. आणि कैवल्य बघत असतानाच त्याची खालची कडा किंचित उचलली गेली, पुढच्याला जागा करून द्यावी तशी.